रेफकाउंट शून्य आणि तरी मशीन ठप्प: पीथमपूरच्या लाइनवरच्या एका ड्रायव्हरचं पूर्ण प्रकरण

ऑफिस आमचं इंदूरला, मशीन पीथमपूरला. सोयाबीनचा प्लांट आहे, शेवटच्या टोकाला डीओसीची (तेल काढून उरलेल्या पेंडीची) पोती भरायची लाइन, तिथे एक इंडस्ट्रियल पीसी, आणि त्यात पोती मोजायचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड. कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर कर्नलसोबत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) येणारा नाही, एका जुन्या सप्लायरने वेगळा लिहून दिलेला, पण सोर्ससकट दिलेला, हे प्लांटवाल्यांचं नशीब म्हणायचं. नाहीतर पुढचं काहीच करता आलं नसतं.

तक्रार अशी होती की ड्रायव्हरचं नवीन व्हर्जन टाकायला जुनं मॉड्यूल (म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा ड्रायव्हरचा तुकडा) काढलं की कमांड नीट होते, एरर नाही, काही नाही, प्रॉम्प्ट परत येतो, आणि मग एक-दोन सेकंदांत पूरा पीसी थिजतो. माउस हलत नाही, पिंग लागत नाही, बटण दाबून बंद करा. आणि हे दर वेळी होत नाही. सप्लायर म्हणे आमच्याकडे कधीच झालं नाही, प्लांटवाले म्हणे आमच्याकडे होतंच, आणि शिफ्टचा ऑपरेटर फोनवर म्हणाला, "भिया, अपन ने तो कुछ नहीं किया, वो खुद ही टें बोल गई." मधल्या काळात रॅम बदलून झाली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलून झाला. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या लॉगमध्ये, बघावं तर शेवटच्या ओळी साध्यासरळ आणि मग डायरेक्ट पुढच्या बूटच्या.

सरळ रीबूट का नाही करत, हे आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. त्याच पीसीत दुसरं एक कार्ड तापमानाची नोंद घेतं आणि लाइन चालू असताना त्या नोंदीत खंड पडला की क्वालिटीवाले त्या बॅचवर प्रश्न काढतात. म्हणून मोजणीचा ड्रायव्हर चालत्या गाडीत बदलायचा हट्ट. मला विचाराल तर प्रॉडक्शनच्या मशीनवर मॉड्यूल काढायची हौस नसावीच, पण इथे हौस नव्हती, गरज होती.

आता "वापरात आहे" म्हणजे काय, याचे या प्रकरणात दोन निरनिराळे अर्थ निघाले आणि सगळा घोळ त्या दोघांच्या मधेच आहे.

पहिला अर्थ कर्नल स्वतः सांगतो. आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) मारलं की "मॉड्यूल इज इन यूज". एलएसमॉडच्या (लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी) तिसऱ्या कॉलममध्ये १, हाच रेफकाउंट, मॉड्यूल किती जणांनी धरलंय तो आकडा, आणि पुढे कुठल्या दुसऱ्या मॉड्यूलचं नाव नाही, म्हणजे कोणीतरी प्रोसेस डिव्हाइसची फाइल उघडून बसलीये. फ्यूझरने (फाइल कोणी उघडलीये ते सांगणारी कमांड) लॉगिंगचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, सापडला. मेंटेनन्सच्या दादांनी तो किल केला, काउंट शून्य झाला, आणि आरएममॉड टाइप करेपर्यंत परत १. कारण सर्व्हिस फाइलमध्ये रीस्टार्ट ऑलवेज लिहिलेलं, आणि सिस्टमडी (सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने १०० मिलिसेकंदात सर्व्हिस परत उठवतो, माणूस त्याच्याशी काय रेस लावणार. किल नाही करायचं, सिस्टमडीच्या सिस्टमसीटीएल कमांडने स्टॉप करायचं.

स्टॉप केलं, तरी १. आता प्रोसेसच्या एफडी (उघड्या फाइलींचे नंबर) फोल्डरांत शोधलं तर डिव्हाइस कोणाकडेच उघडं नाही. हा भाग मला आवडला, कारण यात भलेभले अडकतात. ऑफिसच्या रिपोर्टसाठी एक छोटा प्रोग्रॅम होता, तो डिव्हाइस उघडतो, एममॅप करून कार्डाचे काउंटर आपल्या मेमरीत लावून घेतो आणि मग फाइल क्लोज करतो. एफडी गेला पण मॅपिंग राहिलं, मॅपिंगने आतली फाइल धरून ठेवली, फाइलने मॉड्यूल धरून ठेवलं. एफडी बघून काही दिसणार नाही, त्या प्रोसेसच्या प्रॉकमधल्या (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो तो फोल्डर) मॅप्स फाइलीत डिव्हाइसचं नाव दिसतं. तो प्रोग्रॅम बंद केला आणि काउंट खरोखर शून्य झाला.

यात एकाने मधेच मायनस एफ (जबरदस्तीने काढायचा ऑप्शन) पण मारून बघितलं होतं. आमच्या कर्नलमध्ये फोर्स अनलोडचा ऑप्शन बिल्ड करतानाच बंद होता म्हणून परत एररच आली, आणि बरं झालं. तो चालू असता तर कर्नलने स्वतःवर 'आर'चा टेंट (जबरदस्ती झाल्याची खूण) लावून मॉड्यूल काढून टाकलं असतं आणि डीमनने पुढचं रीड केलं की उडी मारायला कोडच नाही.

आमच्या ज्युनिअरने याहून हुशारीची वाट काढली. सिसएफएसमध्ये (उपकरणं आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दाखवणारी कर्नलची जागा) ड्रायव्हरच्या फोल्डरात अनबाइंड नावाची फाइल असते, तिच्यात कार्डाचा पीसीआय पत्ता लिहिला की ड्रायव्हर कार्डापासून सुटतो, मग काउंटची कटकटच नको. मला म्हणाला, "दादा, हे तर इन यूज असतानाही चालतं!" म्हटलं, "चालतं रे, पण का चालतं ते बघ." अनबाइंड रेफकाउंट विचारतच नाही. तो रेफकाउंट कोडचा आहे, मॉड्यूल मेमरीत राहायला पाहिजे की नाही एवढंच तो सांगतो. अनबाइंडने मॉड्यूल जागेवरच राहतं, फक्त ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन चालतं, आणि ह्या ड्रायव्हरच्या रिमूव्हमध्ये कार्डाचं पूरं स्ट्रक्चर (कार्डाची माहिती ठेवलेली मेमरी) केफ्री होतं, म्हणजे सोडून दिलं जातं. फाइल उघडी, तिच्या प्रायव्हेट डेटात त्याच स्ट्रक्चरचा पॉइंटर. सीडेव्ह_डेल (डिव्हाइसची कर्नलमधली नोंद काढणारं फंक्शन) नवीन ओपन थांबवतो, पण आधीच उघडलेल्या फाइलींचे रीड, राइट, रिलीज त्यानंतरही ड्रायव्हरमध्ये येतच राहतात. बेंचवर कासान (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) लावलेल्या कर्नलवर त्याच्याकडूनच करवून घेतलं, पुढच्याच रीडला यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेल्या मेमरीचा वापर. त्यामुळे दुरुस्तीत एक काम तिथेच ठरलं: स्ट्रक्चरवर केरेफ (धरणाऱ्यांची मोजणी), प्रत्येक ओपन एक धरणार, रिमूव्ह फक्त स्वतःचा सोडणार आणि "कार्ड गेलं" असा फ्लॅग लावणार, रीडने लॉक घेऊन तो बघायचा आणि एरर परत करायची.

पण ही झाली काउंट दिसणारी बाजू, "वापरात"चा पहिला अर्थ. मूळ तक्रार तर काउंट शून्य असतानाची होती, तिथे दुसरा अर्थ.

ऊप्स (कर्नलचा क्रॅशचा मेसेज) हाताला लागणं पहिलं काम. जर्नलमध्ये काही नाही म्हणजे मशीन डिस्कवर लिहायच्या आत मरतेय. सिरीयल पोर्ट आधीच वजनकाट्याने अडवलेला, म्हणून नेटकन्सोल (कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून पाठवणारं) लावलं, त्याच स्विचवर एक लॅपटॉप ठेवून यूडीपीच्या ६६६६ पोर्टवर ऐकत बसलो. मग लाइन चालू असतानाच काढा-घाला करायची परवानगी मिळवली, ती कशी मिळवली ते सोडा, आणि एकदाचा मेसेज आला.

त्यात चार गोष्टी बघण्यासारख्या. एक, "सुपरवायझर इन्स्ट्रक्शन फेच इन कर्नल मोड" आणि "नॉट-प्रेझेंट पेज", म्हणजे सीपीयू डेटा वाचायला नाही तर कोड चालवायला गेला आणि तिथे पानच नव्हतं. दोन, तो पत्ता आठ एफ आणि मग सी-शून्यने सुरू होणारा, ६४-बिट एक्स८६ वर मॉड्यूल ज्या पट्ट्यात लोड होतात तिथला. तीन, कॉल ट्रेसमध्ये कॉल_टायमर_एफएन आणि खाली रन_टायमर_सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे टायमर चालवणारा कर्नलचा कोड. चार, मॉड्यूलच्या यादीच्या शेवटी "लास्ट अनलोडेड" आणि पुढे आपल्याच ड्रायव्हरचं नाव. आणि सगळ्यात खाली "फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट", जर्नल कोरं का राहतं त्याचं उत्तर. सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टच्या मागोमाग चालणारा कर्नलचा कोड) ऊप्स झाला की कर्नल सरळ पॅनिक करतो, म्हणजे पूरी मशीन थांबवतो, साध्या प्रोसेससारखी एकच प्रोसेस मारून पुढे जात नाही.

थोडक्यात कोणीतरी लावलेला टायमर मॉड्यूल गेल्यावर वाजला. आणखी एकदा पकडलं तेव्हा ऊप्स वेगळाच दिसला, टायमरच्या आतल्या लिस्टमध्ये फाटलेला पॉइंटर. मग लोक म्हणणारच की रॅम खराब आहे! पण दोन्ही एकच: टायमरचं स्ट्रक्चर फ्री झालेल्या मेमरीत होतं, त्या जागेवर दुसऱ्या कोणी लिहिलं नसेल तर जुना फंक्शन पॉइंटर जसाच्या तसा मिळतो आणि उडी मॉड्यूलच्या रिकाम्या पत्त्यावर, कोणी लिहिलं असेल तर कचरा.

आता ड्रायव्हरचा कोड. दर दोन सेकंदांनी कार्डाची तब्येत बघायची म्हणून एक टायमर. टायमरचं फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतं, तिथे झोपता येत नाही, आणि कार्ड तर उत्तर द्यायला वेळ घेतं, म्हणून टायमर फक्त एक वर्क (नंतर चालवायचं काम, ज्यात झोपता येतं) क्यू करतो. वर्क कार्डाशी बोलतं, गरज पडली तर झोपतं, आणि शेवटच्या ओळीत मॉड_टायमर करून पुढच्या दोन सेकंदांचा टायमर लावतं. हे डिझाइन काही वाईट नाही, शेकडो ड्रायव्हरांत सापडेल. घोळ रिमूव्हमध्ये. तिथे क्रम असा: आधी डेल_टायमर (लागलेला टायमर काढणं), मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग सीडेव्ह काढणं, मग फ्री_आयआरक्यू (इंटरप्टचा हँडलर काढणं), मग आयओअनमॅप (कार्डाच्या रजिस्टरांचं मॅपिंग काढणं) आणि केफ्री.

आता एकच प्रसंग हळूहळू चालवून बघा. टायमर वाजून गेलाय, वर्क सुरू आहे, आत ते कार्डाच्या उत्तराची वाट बघत झोपलंय. ठीक त्याच क्षणी कोणी आरएममॉड मारलं. डेल_टायमर बघतो, टायमर लागलेलाच नाहीये, काढायचं काय, शून्य परत. त्याचं काही चुकलं नाही. मग कॅन्सल_वर्क_सिंक, हा इमानदार गडी, वर्क पूर्ण संपेपर्यंत उभा राहतो. आणि वर्क संपताना शेवटची ओळ कोणती चालवतं? मॉड_टायमर. म्हणजे ज्याने वाट बघितली त्याच्याच डोळ्यांदेखत टायमर परत लागला. पुढे स्ट्रक्चर फ्री, मॉड्यूल मेमरीतून साफ, प्रॉम्प्ट परत, माणूस खूश, आणि दोन सेकंदांनी घंटा.

सप्लायरकडे का होत नव्हतं तेही यातच आहे. त्यांच्या टेबलावर कार्ड पटकन उत्तर देतं, वर्क क्षणात संपतं, त्या फटीत आरएममॉड सापडणं लॉटरीच. प्लांटवर मोटारींचा विद्युत गोंगाट, डीओसीची धूळ, कार्ड रिट्राय करतं, वर्क लांबतं, फट रुंद होते.

इथे बहुतेक लोक पहिला पॅच काय मारतात तर डेल_टायमरच्या जागी डेल_टायमर_सिंक. तो लागतोच, नाहीतर दुसऱ्या सीपीयूवर टायमरचं फंक्शन चालू असतानाच आपण पुढे जाऊ, पण त्याने वरचा प्रसंग सुटत नाही, कारण त्या क्षणी टायमर ना लागलेला आहे ना चालू. मग दुसरा पॅच, क्रम उलटा करा, आधी वर्क कॅन्सल मग टायमर. आता मधल्या फटीत टायमर वाजतो आणि नवीन वर्क क्यू करतो. दोघं एकमेकांना उठवतात, तेव्हा एकेकाला झोपवून चालणारच नाही.

बरं, कर्नलला हे दिसत का नाही? कर्नल २.४ च्या काळापर्यंत बरीच मॉड्यूलं स्वतःच स्वतःचा काउंट वाढवायची आणि कमी करायची, त्यात गंमत अशी की काउंट वाढवणारी ओळ त्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे आत पाय ठेवल्यापासून ती ओळ येईपर्यंत आणि कमी केल्यापासून बाहेर पडेपर्यंत कोड चालू असून काउंट शून्य. २.६ साठी रस्टी रसेलने मॉड्यूल लोडर नव्याने लिहिला, त्यानंतरची रीत म्हणजे बाहेरच्याने आत येण्याआधी ट्राय_मॉड्यूल_गेट करायचं, मॉड्यूल जायला निघालं असेल तर ते नकार देतं. कॅरेक्टर डिव्हाइसच्या फाइल ऑपरेशन्समध्ये ओनर म्हणून धिस_मॉड्यूल लिहितात ते याचसाठी. पण टायमरच्या स्ट्रक्चरमध्ये ओनर नावाची जागाच नाही. किती वाजता आणि कोणतं फंक्शन, एवढंच त्याला माहीत, ते फंक्शन कोणाच्या घरचं ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आरसीयूच्या (वाचणारे संपेपर्यंत जुना डेटा फ्री करणं लांबवायची कर्नलची सोय) कॉलबॅकचंही तेच. मंगल कार्यालयात दारावर पाहुणे मोजले, सगळे गेले म्हणून मेन स्विच पाडला, आणि मागे आचारी अजून उकळत्या कढईपाशी, असला हा प्रकार. दारातून आलेले मोजणं कर्नलचं काम, आत आपण स्वतः ठेवलेली माणसं बाहेर काढणं हे एक्झिट आणि रिमूव्हचं काम, आणि त्यात कर्नल मदत करत नाही.

नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर बघा, इंटरफेस चालू आहे, त्यावरूनच तुमचं एसएसएच चाललंय, आणि काउंट शून्य. आरएममॉड विनातक्रार होईल. दूरच्या मशीनवर करून बघू नका.

दुरुस्ती आम्ही अशी केली. टायमर आणि वर्क ही जोडीच मोडली आणि एकच डिलेड वर्क (ठरलेल्या वेळाने चालणारं वर्क) ठेवलं, जे स्वतःलाच दोन सेकंदांनी परत क्यू करतं. कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक स्वतःला परत क्यू करणाऱ्या वर्कलाही नीट थांबवतो, ते त्याचं लिखित काम आहे. जोडी ठेवायचीच असेल तर कर्नल ६.२ पासून, म्हणजे २०२३ पासून, टायमर_शटडाउन_सिंक आलंय. ते टायमरचं फंक्शनच काढून टाकतं, त्यानंतर कोणी मॉड_टायमर केलं तरी टायमर लागतच नाही, अगदी ह्याच चक्रासाठी बनवलेलं औषध. प्लांटवरचं कर्नल जुनं, त्यात ते नव्हतं, आणि तसंही डिलेड वर्कने कोड कमीच झाला.

क्रमही बदलला. आधी सीडेव्ह आणि डिव्हाइस नोड काढला, नवीन ओपन बंद. मग कार्डावरच इंटरप्ट बंद केला, आणि तो राइट केल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचलं, कारण पीसीआयवर राइट पोस्ट होऊन वाटेत रेंगाळू शकतो, रीड केलं की तो पोहोचल्याची खात्री. मग फ्री_आयआरक्यू, हा चालू असलेला हँडलर संपेपर्यंत परत येत नाही. जुन्या क्रमात हा वर्क कॅन्सलच्या नंतर होता, म्हणजे वर्क थांबवून झालं आणि तेवढ्यात एक पोतं सेन्सरसमोरून गेलं की हँडलर परत वर्क क्यू करणार, टायमरचा मुद्दा सुटला असता तरी हे भोक राहिलंच असतं. मग डिलेड वर्क कॅन्सल, आणि सगळ्यात शेवटी आयओअनमॅप. आयओअनमॅप आधी घेऊ नये याचं आणखी एक कारण: आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) शेअर्ड आहे, आणि शेअर्ड आयआरक्यूचा डीबग ऑप्शन लावलेलं कर्नल फ्री_आयआरक्यूच्या वेळी हँडलरला मुद्दाम एकदा जास्तीचं बोलावतं, झोपेत आहात का बघायला.

उरला आरसीयू. कोणत्या मालाला किती किलोचं पोतं ही टेबल बदलली की जुनी टेबल कॉल_आरसीयूने फ्री व्हायची, आणि तो कॉलबॅक मॉड्यूलमधला. मॉड्यूल फ्री करताना कर्नल स्वतः एक सिंक्रोनाइझ_आरसीयू करतो खरा, पण ते वाचणाऱ्यांसाठी थांबणं आहे, रांगेत पडलेले कॉलबॅक चालून झाले याची ती हमी नाही. त्यासाठी एक्झिटमध्ये आरसीयू_बॅरियर लागतो. आमचा कॉलबॅक फक्त केफ्रीच करत होता, म्हणून तो काढून सरळ केफ्री_आरसीयू केलं, आता चालवायचा कोड मॉड्यूलमध्ये नाहीच, बॅरियरचाही प्रश्न मिटला. यामुळे कधी क्रॅश झाला होता का? पकडलेल्या ऊप्समध्ये तरी नाही. पण दिसलेलं भोक सोडून कसं द्यायचं.

तपासणी इंदूरच्या ऑफिसात, स्पेअर कार्ड लावून. रात्रभर लूपमध्ये मॉड्यूल काढा-घाला चालवणं सगळेच करतात, आणि त्याने फारसं काही सिद्ध होत नाही, फट इतकी बारीक की महिनाभर लूप चालेल आणि सापडणार नाही. त्यापेक्षा फट हाताने रुंद करा. जुन्या ड्रायव्हरच्या वर्कमध्ये मॉड_टायमरच्या आधी एक सेकंदाचा एमस्लीप घातला की तेच प्रकरण जवळपास मागाल तेव्हा होतं. सोबत डीबग ऑब्जेक्ट्सचे टायमर, वर्क आणि फ्रीवाले ऑप्शन लावलेलं कर्नल. मग क्रॅशची वाट बघायची गरजच राहत नाही, केफ्रीच्या क्षणीच "ओडीबग: फ्री अॅक्टिव्ह" आणि पुढे टायमर_लिस्ट, शिवाय त्या टायमरच्या फंक्शनचं नाव, सगळं लॉगमध्ये. मॉड्यूल अजून मेमरीत असतं म्हणून नाव नीट छापलं जातं. नवीन ड्रायव्हरच्या वर्कमध्ये त्याच जागी एमस्लीप घालून तोच लूप चालवला, लॉग शांत. अनबाइंड उघड्या फाइलीवर, एममॅप चालू असताना, पोत्यांच्या खोट्या पल्स देत, सगळं करून घेतलं.

प्लांटवर बदलायची पद्धतही कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली: आधी डीमन स्टॉप, मग रिपोर्टचा प्रोग्रॅम बंद, मग सिसएफएसच्या रेफसीएनटी फाइलीत शून्य आहे का बघा, मग मॉडप्रोब मायनस आर (मॉड्यूल काढा). शून्य नसेल तर थांबा आणि फोन करा, मायनस एफ नाही, अनबाइंड नाही. मेंटेनन्सचे दादा म्हणाले, "अहो पण शून्य असतानाच तर मरत होतं ना ते?" प्रश्न एकदम बरोबर. म्हटलं, "दादा, ते जुन्या ड्रायव्हरचं होतं, आता ते आतून बंद केलंय. हा शून्य बाहेरच्यांसाठी बघायचा."

तापमानाच्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र तसाच आहे. त्याला एक्झिट फंक्शनच नाही, प्रॉकच्या मॉड्यूल्स फाइलीत त्याच्यापुढे 'परमनंट' लिहून येतं आणि कर्नल त्याला काढूच देत नाही. प्लांटवाल्यांनी विचारलं की यालाही एक्झिट लिहून देता का. कोड बघितला, त्यात एक केथ्रेड (कर्नलचा थ्रेड), दोन टायमर आणि कुठेच न थांबणारा एक लूप आहे. सांगितलं, हा राहू द्या परमनंटच, याचं व्हर्जन बदलायचं तर शटडाउनच्या दिवशी रीबूट करून बदला.